एका ओळीचा अर्थ: चाकणच्या कारखान्यासाठी क्यूब बांधताना

चाकण एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यासाठी मी विक्री, साठा आणि रिजेक्शनचा (तपासणीत नाकारलेल्या नगांचा) क्यूब बांधला. क्यूब म्हणजे तारीख, ग्राहक, आयटम अशा कुठल्याही बाजूने बेरजा काढता याव्यात म्हणून रचून ठेवलेला डेटा. पहिले पाच आठवडे दाखवण्यासारखी एकही स्क्रीन नव्हती, तरी सगळ्यात कामी आले ते तेच आठवडे. त्यांतला धडा असा: फॅक्ट टेबलमधली (ज्यात मोजायचे आकडे असतात त्या टेबलमधली) एक ओळ म्हणजे नेमकं काय, हे कागदावर एका वाक्यात लिहावं आणि स्टोअर, डिस्पॅच, अकाउंट्स या तिघांनी ते मान्य केल्याशिवाय टेबल बनवू नये. पुढे निघालेल्या बहुतेक चुकांचं मूळ या वाक्यातच सापडलं.

विक्रीचं वाक्य होतं, 'एका इन्व्हॉइसवरचा एक आयटम म्हणजे एक ओळ'. पण वाहतुकीचं भाडं आयटमवर नसतं, ते पूर्ण बिलावर असतं. चार आयटमच्या बिलाला 1,200 रुपये भाडं असेल आणि जॉइन करताना (दोन टेबलं जोडताना) ते प्रत्येक ओळीवर उतरलं, तर बेरीज 4,800 येते. म्हणून भाडं ओळींच्या मूळ किमतीच्या प्रमाणात वाटलं आणि पूर्णांकनात उरलेले पैसे सगळ्यात मोठ्या ओळीवर टाकले. रकमेचा कॉलम डेसिमल (नेमका दशांश) ठेवा, फ्लोट (अंदाजे साठवलेला आकडा) नको. फ्लोटमध्ये लाखभर ओळींची बेरीज हिशेबाच्या वहीशी पैशापर्यंत जुळेलच याची खात्री नसते, आणि एकदा जुळली नाही की अकाउंट्सवाले पुन्हा त्या आकड्याकडे बघत नाहीत. तसंच मुख्य मेझर (मोजायचा आकडा) कराशिवायची मूळ किंमत असावी. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. त्याआधीच्या बिलांवर एक्साइज आणि व्हॅट आहे, त्यामुळे करासह रकमांची जुन्या-नव्या वर्षांची तुलना फसवी होते.

तारखेचं डायमेन्शन (ज्या बाजूने आकडे बघायचे तिचं टेबल) 1 एप्रिल 2016 ते 31 मार्च 2026 असं ठेवलं तर 3,652 ओळी होतात. त्यात तारीख माहीत नसलेल्या नोंदींसाठी -1 ची एक ओळ आणखी घाला. महिन्याची की (ओळखीचा कोड) फक्त 'एप्रिल' ठेवू नका, 202404 अशी ठेवा. नुसत्या नावावर डुप्लिकेट कीचा एरर येतो, आणि तो एरर दुर्लक्षित करायची सेटिंग असेल तर सगळ्या वर्षांचे एप्रिल एकाच वर्षात जाऊन बसतात. ते जास्त वाईट, कारण क्यूब मुकाट प्रोसेस होतो, म्हणजे डेटा भरून घेतो. इथली एक खास अडचण सुट्टीची. चाकण-भोसरीकडच्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, तर शहरातल्या ऑफिसला रविवारी. 'कामाचा दिवस' हा कॉलम तारखेच्या टेबलात टाकला की दोघांपैकी एकाची रोजची सरासरी चुकतेच. कारखाना आणि तारीख यांचं छोटं वेगळं टेबल केल्यावर ते सुटलं.

ग्राहकांची यादी साफ करताना जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक) फार उपयोगी पडला. त्यात 15 अक्षरं असतात. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे 27. तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंत पॅन. पॅन वर, जीएसटीआयएन खाली अशी उतरंड केली की एकाच कंपनीचे वेगवेगळ्या राज्यांतले प्लँट आपोआप एका छत्राखाली येतात. नावं जुळवत बसण्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचं. टेक्स्ट कॉलममध्ये नल (मूल्यच नाही) आणि रिकामी स्ट्रिंग (शून्य अक्षरांचा मजकूर) दोन्ही असतील तर आधी एकच काहीतरी ठरवा. अॅनालिसिस सर्व्हिसेस (मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरमधलं क्यूब बांधायचं साधन) नलला रिकामी स्ट्रिंग समजते, आणि मग डोळ्यांना न दिसणारी डुप्लिकेट की तयार होते.

ग्राहकाचा सेल्स विभाग बदलला की जुनी विक्री जुन्याच विभागात राहायला हवी. त्यासाठी ग्राहकाची नवी ओळ करून, तिला नवी सरोगेट की (आपणच दिलेला क्रमांक) देऊन 'पासून' आणि 'पर्यंत' तारखा ठेवतात. जुन्या ओळीची 'पर्यंत' आणि नव्या ओळीची 'पासून' एकच तारीख असेल, तर बिटवीन (दोन्ही टोकं धरणारी तुलना) वापरल्यावर त्या दिवसाची बिलं दोनदा जोडली जातात. बिलाची तारीख 'पासून' पेक्षा मोठी-किंवा-बरोबर, 'पर्यंत' पेक्षा फक्त लहान, असं लिहा.

सगळ्यात जास्त वेळ साठ्याने खाल्ला. साठ्याची बेरीज आयटमवर आणि स्टोअरवर चालते, दिवसांवर चालत नाही. सोमवारचे 500 नग आणि मंगळवारचे 500 मिळून हजार होत नाहीत. अॅनालिसिस सर्व्हिसेसमध्ये त्यासाठी लास्ट चाइल्ड (कालावधीचा शेवटचा दिवस) आणि लास्ट नॉन-एम्प्टी (नोंद असलेला शेवटचा दिवस) हे पर्याय आहेत. लास्ट चाइल्ड चालू महिन्यात महिन्याची शेवटची तारीख बघतो, ती अजून आलेली नसते, म्हणून रकाना कोरा. लास्ट नॉन-एम्प्टीचा धोका वेगळा. तो प्रत्येक आयटमची शेवटची तारीख शोधून मग बेरीज करत नाही. एकूण पातळीवर ज्या तारखेला काहीतरी नोंद आहे, तीच धरतो. एका आयटमची शेवटची नोंद 28 ला आणि दुसऱ्याची 25 ला असेल, तर एकूण आकड्यात दुसरा येतच नाही. शिवाय साठा संपला आणि शून्याची ओळ लिहिली नाही, तर त्या आयटमचा जुनाच साठा दिसत राहतो. यावर एकच उपाय भरवशाचा वाटला: रोज प्रत्येक आयटमची, शून्य असला तरी, ओळ लिहायची. 5,000 आयटम, 3 स्टोअर, 365 दिवस म्हणजे वर्षाला 54,75,000 ओळी. एवढं ओझं सर्व्हरला जड नाही. एसक्यूएल सर्व्हरची स्टँडर्ड एडिशन घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिथे लास्ट चाइल्ड मिळतो, लास्ट नॉन-एम्प्टी मिळत नाही.

रिजेक्शनची टक्केवारी साठवायचीच नाही. नाकारलेले नग आणि तपासलेले नग हे दोन मेझर ठेवून भागाकार क्यूबमध्ये करायचा. 10 पैकी 1 आणि 1,000 पैकी 10 यांची एकत्र टक्केवारी सुमारे 1.09 येते, टक्केवाऱ्यांची सरासरी काढली तर 5.5.

प्रोसेसिंगमध्ये एक गोष्ट जपा. डायमेन्शनवर प्रोसेस अपडेट (फक्त बदल भरून घेणं) चालवल्यावर, त्यातल्या ज्या नात्यांत (जसं ग्राहक आणि विभाग) बदल होऊ शकतो अशी नोंद आहे त्यांची अॅग्रिगेशन्स, म्हणजे आधीच करून ठेवलेल्या बेरजा, गळून जाऊ शकतात. एरर येत नाही, आकडे बरोबरच असतात, फक्त रिपोर्ट मंदावतो. म्हणून त्यानंतर पार्टिशन्सवर (क्यूबच्या डेटाच्या तुकड्यांवर) त्या बेरजा पुन्हा बांधणारा प्रोसेस इंडेक्स चालवायचाच. आणि दिवसाउजेडी डायमेन्शनला प्रोसेस फुल (सगळं पुसून नव्याने भरणं) देऊ नका, त्यावर उभे असलेले सगळे क्यूब पुन्हा प्रोसेस होईपर्यंत बंद पडतात.

डॅशबोर्डपेक्षा लोकांनी एक्सेलची पिव्होट टेबलच जास्त वापरली. तिथे आकड्यावर डबल-क्लिक केलं की मूळ ओळी उघडतात, पण सुरुवातीला फक्त 1,000. कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये ही मर्यादा वाढवून द्या, नाहीतर बेरीज जुळत नाही म्हणून फोन येतात.

रोज रात्री प्रोसेसिंग संपल्यावर चालू आणि मागच्या महिन्याची मूळ किंमत तीन ठिकाणांहून काढायची: बिलिंग, डेटा वेअरहाऊस (क्यूबला डेटा पुरवणारा डेटाबेस), क्यूब. एक रुपयाचाही फरक निघाला तर जुळत नसलेल्या इन्व्हॉइसचे नंबर सकाळची शिफ्ट लागण्याआधी अकाउंट्सच्या मेलमध्ये पोचतात.