लाभपाचमीपर्यंतचे बैठे खेळ

दिवाळीनंतरचे काही दिवस बडोद्याचा बाजार जवळजवळ मिटलेला असतो. लक्ष्मीपूजनानंतर बंद झालेली बरीचशी दुकाने बेसतू वर्ष म्हणजे गुजराती नववर्ष आणि भाऊबीज उलटल्यावर लाभपाचमीचा, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीचा, मुहूर्त साधूनच उघडतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत पुण्या-मुंबईचे नातेवाईक, इथले गुजराती व्याही आणि सुट्टी लागलेली मुले आमच्याकडे जमतात. बाहेर जाऊन करण्यासारखे फारसे नसते, फराळ तर सगळ्यांचा झालेला असतो, त्यामुळे दुपारचा चहा झाला की खेळांची मागणी सुरू होते. अशा जमावासाठी खेळ निवडताना मी एकच कसोटी लावते: ज्याला सर्वांत कमी जमणार आहे, त्यालाही शेवटपर्यंत खेळता आले पाहिजे.

या कसोटीवर संगीत खुर्ची पहिल्याच फटक्यात नापास होते. तिच्यात आधी बाद होतो तो सर्वांत लहान मुलगा किंवा गुडघे दुखणारी आत्या, आणि उरलेला वेळ ही मंडळी इतरांची गंमत पाहत भिंतीला टेकून बसतात. ‘शिवाजी म्हणतो’ या खेळाचीही तीच अडचण आहे. मात्र त्यात बाद झालेल्याला लगेच शिवाजी करून आज्ञा देण्याचे काम सोपवले की तो खेळातच राहतो, आणि लहान मुले तर त्या पदासाठी मुद्दाम चुकू लागतात.

हौजी सर्वांना माहीत असते, म्हणून तिच्याविषयी थोडक्यातच लिहिते. तिकिटावर तीन ओळींत पंधरा आकडे असतात आणि पुकारायचे आकडे नव्वद. वीस तिकिटे वाटलेली असतील, तर फुल हाऊस बहुधा सत्तरहून अधिक आकडे निघाल्यावरच लागते, त्यामुळे पहिले पाच, चार कोपरे आणि तीन ओळी अशी मधली बक्षिसे ठेवली नाहीत तर लोक कंटाळतात. इंग्रजी माध्यमातल्या नातवंडांना ‘एकोणसत्तर’ आणि ‘एकोणऐंशी’ यांतला फरक पटकन कळत नाही आणि आजीला इंग्रजी आकडे नकोसे वाटतात, म्हणून आमच्याकडे प्रत्येक आकडा दोनदा, म्हणजे आधी मराठीत आणि मग इंग्रजीत पुकारला जातो. वेळ थोडा अधिक लागतो, पण आकडा मराठीत निघताच तो इंग्रजीत कोण आधी ओरडतो याची मुलांमध्ये वेगळीच चुरस लागते.

माझा सर्वांत आवडता खेळ मात्र भोंडल्यातून उचललेला आहे, आणि तो म्हणजे खिरापत ओळखणे. बडोद्यात नवरात्राची रात्र गरब्याची असल्यामुळे भोंडला संध्याकाळीच लवकर उरकावा लागतो आणि खिरापतीचा डबा वाजवून होणारी गंमत हवी तितकी रंगत नाही. दिवाळीत ती उणीव भरून काढता येते, कारण घरात दोन्हीकडचा फराळ असतो. दोन गट करावेत, एका गटाने डब्यात एकच पदार्थ लपवावा आणि दुसऱ्या गटाने डबा वाजवून ऐकावा, मग फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येईल असे दहा प्रश्न विचारावेत. आवाजावरून बरेच कळते: शंकरपाळे खडखडतात, लाडू धप्पकन आदळतो, तर अनारसे एकमेकांवर नीट रचलेले असतील तर काहीच ऐकू येत नाही. मठिये, म्हणजे पापडासारख्या तळलेल्या गुजराती पुऱ्या, इतके पातळ असतात की डबा दुसऱ्यांदा हलवला की त्यांचा चुराच हाती लागतो, म्हणून ते ठेवताना खाली-वर कागद घालावा. बडोद्याचा लीलो चेवडो बटाटा आणि हरभऱ्याच्या डाळीचा, चवीला गोडसर आणि हाताला ओलसर असतो. चिवडा म्हटला की तो पोह्यांचा आणि कोरडाच असणार, असे गृहीत धरणारे पुण्याचे पाहुणे त्याच्यावर हमखास अडतात. व्याह्यांच्या गटाला आम्ही त्याच न्यायाने अनारशांवर अडवतो.

या खेळात प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा असतो, आणि मुलांना तो शिकवण्यासारखा आहे. ‘करंजी आहे का?’ असे विचारत सुटणारा गट दहा प्रश्नांत दहाच पदार्थ वगळू शकतो. त्याउलट ‘गोड आहे का?’, ‘तळलेले आहे का?’, ‘बेसन लागते का?’ असे विचारून दर वेळी निम्मे पदार्थ गाळले, तर दहा प्रश्नांत हजाराहून अधिक पदार्थांमधून एक निवडता येतो. एवढे पदार्थ कोणाच्याच घरी नसल्यामुळे नीट विचारणारा गट पाच-सहा प्रश्नांतच जिंकतो. आजींना ही आकडेमोड ठाऊक नसते, तरी त्यांचा पहिला प्रश्न नेहमी ‘गोड की तिखट’ हाच असतो, आणि उत्तर हो-नाहीत येत नाही म्हणून तो बाद करण्याचे धैर्य कोणात नसते.

गाण्यांच्या भेंड्या बहुतेक घरी खेळल्या जातातच, फक्त मिश्र घरात मराठी, हिंदी आणि गुजराती अशा तिन्ही भाषांना आधीच मुभा द्यावी आणि ‘ळ’ आला तर ‘ल’, ‘ण’ आला तर ‘न’ हेही सुरुवातीलाच सांगून टाकावे. ज्यांना गाणे नको वाटते त्यांच्यासाठी गावांच्या भेंड्या बऱ्या. बडोदे, दाहोद, देवास, सुरत, तळेगाव, वलसाड, डभोई, इंदूर अशी साखळी सहज लांबते, आणि नुकतीच रेल्वेने आलेली मुले खिडकीतून वाचलेली स्थानके धडाधड सांगतात. कानगोष्टींसाठी दहा-बारा माणसे पुरतात. मराठी आणि गुजराती माणसे आळीपाळीने बसवली तर आरंभीच्या वाक्याचे शेवटी काय होते, ते ऐकण्यासारखे असते.

भांडणे होतात ती बहुतेक नियमांवरून, कारण प्रत्येक घरचे नियम वेगळे असतात. बदाम सत्तीत खेळता येण्यासारखे पान असताना ‘पास’ म्हणून पुढच्याची वाट अडवावी का, यावर आमच्याकडे दोन पिढ्यांत एकमत झालेले नाही. या बाबतीत आम्हांला आमच्या गावाकडेच बोट दाखवता येते: हुतूतूच्या नियमांना लेखी आणि एकसारखे रूप देण्याच्या कामात १९२३ च्या सुमारास बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने पुढाकार घेतला होता, मग घरच्या बदाम सत्तीसाठी एक कागद खर्च करायला काय हरकत आहे? आता पाने वाटण्याआधी नियम लिहून तो कागद मधोमध ठेवला जातो. ‘पास’चा नियम मी मुलांच्या बाजूने लिहिते: खेळण्याजोगे पान असेल तर ते टाकलेच पाहिजे. डाव त्यामुळे थोडा भोळा होतो, परंतु सहा वर्षांचे मूलही बरोबरीने बसू शकते. आठांपेक्षा अधिक खेळणारे असले तर दोन जोड एकत्र न करता दोन वेगळी रिंगणे करावीत.

पैसे लावायचे नाहीत, हा नियम मात्र लिहावा लागत नाही. श्रावणातल्या सातम-आठमीच्या जुगारामुळे गुजरातेत पत्त्यांकडे आधीच थोड्या संशयाने पाहिले जाते आणि आमच्या व्याह्यांना मुलांच्या हातात पत्ते असलेलेसुद्धा फारसे रुचत नसे. आम्ही चिंचोक्यांवर खेळतो हे पाहिल्यावर ते स्वतःच एका रिंगणात येऊन बसले. प्रत्येकाला वीस चिंचोके मिळतात, हरणारा हातात राहिलेल्या पानांइतके चिंचोके जिंकणाऱ्याला देतो, आणि ज्याचे संपतील त्याला शेजाऱ्याने दहा उसने द्यायचे असतात. उसने कधीच परत मिळत नाहीत, हेही आता नियमांच्या कागदावर लिहिले आहे.