नवरा, गाडी आणि एकोणीस

चाळिशी उलटल्यावर मी भाषाशास्त्राच्या एम.ए.ला नाव घातलं. शेवटच्या सत्रात दोन भाषांची तुलना करून प्रबंधिका द्यायची होती. वर्गातल्या पोरांनी कन्नड-तेलुगू, मराठी-कोकणी अशा शहाण्या जोड्या घेतल्या. मी घेतली मालागासी आणि योरुबा. कारण सांगायला आता लाज वाटते. एक मादागास्करची, दुसरी नायजेरियाची, म्हणजे दोन्ही आफ्रिकेतल्याच. काहीतरी जुळेलच, असं मी धरून चालले होते.

पहिला महिना स्वादेशच्या शंभर शब्दांच्या यादीत गेला. मॉरिस स्वादेश या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाची ही यादी. डोळा, दगड, चंद्र, मरणे असे सहसा कुणी उसने न घेणारे शब्द त्यात असतात. वहीत दोन रकाने आखले. दगड: वातु, ओकुता. चंद्र: वुलाना, ओशुक्पा. डोळा: मासु, ओजू. मेलेल्याला मालागासीत ‘माती’, तर योरुबात मरणं म्हणजे ‘कू’. (आमच्या साताऱ्याकडे मयताला जाताना ‘मातीला जाऊन येतो’ म्हणतात. योगायोगच, पण पेन क्षणभर थांबलं.) यादी संपली तरी जुळलं काहीच नाही. हट्टानं घरातले वीस शब्द वाढवले आणि एक जोडी सापडली: लाताबाट्रा आणि ताबिली. दोन्हींचा अर्थ टेबल! एकीनं ते फ्रेंचांकडून ‘ला’ या उपपदासकट उचललेलं, दुसरीनं इंग्रजांकडून.

वही बघून मॅडम काही बोलल्या नाहीत. पेन्सिलीनं तिसरा रकाना आखला आणि म्हणाल्या, ‘इथे मलय शब्द लिहून आण.’ दगड बातू, चंद्र बुलान, डोळा माता, मेलेला माती. मलयमध्ये ‘ब’ तिथे मालागासीत ‘व’. पाचाला तिकडे लिमा, इकडे दिमी. मालागासी मुळात आग्नेय आशियातल्या बोर्निओ बेटाच्या दक्षिण भागातली निघाली. तिची सगळ्यात जवळची बहीण मान्यान आजही तिथे बोलली जाते, आणि ओट्टो दाल या नॉर्वेजियन अभ्यासकानं १९५१ मध्येच हे नातं मांडून ठेवलं होतं. म्हणजे माझी एक भाषा समुद्र ओलांडून आलेली. तिनं गाईचं नाव मात्र आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून घेतलं: मालागासीत उम्बी, स्वाहिलीत न्गोम्बे. योरुबाची भावकी सगळी पश्चिम आफ्रिकेत, इग्बो वगैरे. महिनाभर मी दोन अनोळखी घरांत सोयरीक शोधत बसले होते.

मग शब्द सोडले आणि रचनेकडे वळले. योरुबासाठी पुण्यात शिकायला आलेला लागोसचा एक मुलगा भेटला. योरुबात सूर तीन. ते शिकवताना तिकडे पाश्चात्त्य स्वरनामं वापरतात, मी सा-रे-ग करून घेतलं. ‘ऑकॉ’ रे-रे म्हटलं तर नवरा, रे-सा म्हटलं तर गाडी, रे-ग म्हणजे कुदळ आणि सा-सा म्हणजे भाला. एका संध्याकाळी नवरा मला न्यायला आला, तेव्हा मी ऐटीत ‘ऑकॉ मी’ अशी ओळख करून दिली. त्या मुलानं स्कूटरकडे पाहून विचारलं, ‘छान आहे. नवी घेतली का?’

खरी मजा आकड्यांत आली. योरुबात एकोणीस म्हणजे ‘वीसला एक कमी’. आपलं एकोणीस तेच! पण आपण एकावर थांबतो, ते अठरा, सतरा, सोळा, पंधरा सगळे विसातून वजा करतात. पन्नास म्हणजे तीन विसांतून दहा वजा, आणि पंचेचाळीस म्हणजे त्या पन्नासातून आणखी पाच वजा. तो मुलगा थोडा ओशाळून म्हणाला, ‘आमच्या वयाचे इंग्रजीतच मोजतात.’ मी त्याला पाऊणशे आणि पावणेदोनशे समजावून सांगितलं, मग त्याला जरा बरं वाटलं. मालागासीचा गणिताचा मार्ग वेगळा: आधी एकं, मग दहं, मग शतक, मग हजार. १९९५ हे साल ‘पाच वर नव्वद, नऊशे आणि हजार’ असं वाचायचं. आपण ‘पंच्याण्णव’पर्यंत त्यांच्या बाजूला असतो, शतक आलं की उलटतो.

मालागासीसाठी अंतानानारिवोच्या एक शिक्षिका ऑनलाइन भेटायच्या. इंग्रजीतून विचारलं, ‘आम्ही भात खाणार, हे कसं म्हणाल?’ त्या म्हणाल्या, ‘त्यात मी आहे की नाही?’ मी खुर्चीत ताठ बसले. ‘इसिका’ म्हणजे आपण, ‘इज़ाहाय’ म्हणजे आम्ही. इंग्रजीत प्रश्न विचारताना माझ्याच भाषेतला हा भेद मी हरवून बसले होते. योरुबात तो नाही, एकच ‘आवा’. पण योरुबात थोरांना अनेकवचन लावतात, आपल्या ‘तुम्ही’सारखं. प्रबंधिकेचं शेवटचं प्रकरण यावरच लिहिलं. मराठी तिसऱ्या रकान्यात घेतली, मलय खोडून. मॅडमनी तक्रार केली नाही.

जमा करायच्या आदल्या दिवशी छपाईच्या दुकानातून प्रती आणल्या. योरुबाच्या रोमन अक्षरांखालची टिंबं आणि सा-ग दाखवणाऱ्या वरच्या तिरक्या रेघा (रे कोराच असतो) फाँटनं खाऊन टाकल्या होत्या. नवरा, गाडी, कुदळ, भाला, चारही ठिकाणी छापलं होतं नुसतं ‘ओको’. त्याचा अर्थ शेत. पुन्हा छापायला वेळ नव्हता, म्हणून रात्री काळं पेन घेऊन बसले. दुसरी प्रत नवऱ्यानं घेतली. तिसऱ्या पानावर थांबून त्यानं विचारलं, ‘यातला मी कुठला?’

‘ज्याच्या डोक्यावर काही नाही, तो.’