तुम्ही विचारलेत म्हणून: माझी पात्रे गप्प का असतात

लघुपट संपला की कोणीतरी जवळ येऊन विचारतेच, "तुमची माणसे बोलत का नाहीत?" कधी त्यात कौतुक असते, पण बहुतेक वेळा सूर असा असतो की मला संवाद जमत नाहीत, म्हणून मी पात्रांना गप्प बसवते. आजवर मी वेळ मारून नेली, पण आता एकदा नीट सांगते.

संवाद मला येतात. सुरुवातीची काही वर्षे मी दुसरे काही लिहीतच नव्हते.

माझ्या चौथ्या लघुपटात पत्नी गेलेल्या एका वृद्धाच्या घरातून तिचे शिवणयंत्र विकले जाते. यंत्र नेणारी माणसे दाराशी उभी आहेत, मुलगी पैसे मोजून घेते आहे, आणि तो वृद्ध बोलू लागतो. त्याला मी दीड पानाचे मनोगत दिले होते. पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, या हिशेबाने 12 मिनिटांच्या लघुपटातले दीड मिनिट. त्यातली चार वाक्ये माझ्या वडिलांची होती, आई गेल्यावर ते जसे बोलले होते तशीच उतरवलेली.

चित्रीकरणात कॅमेरा सुरू झाला आणि पहिला शब्द उच्चारण्याआधी त्या नटाला सुईतून लोंबणारे दोऱ्याचे टोक दिसले. त्याने ते बोटाभोवती दोन वेढे देऊन गुंडाळले, हिसका देऊन तोडले आणि सदऱ्याच्या खिशात ठेवले. मग तो बोलू लागला. यातले काहीही मी लिहिलेले नव्हते.

संकलकाने मला ते दृश्य आवाज बंद करून दाखवले आणि हात खिशातून बाहेर येताच थांबवले. "दृश्य इथे संपलं," तो म्हणाला. आवाज बंद केला तर कोणतेही मनोगत निरर्थकच दिसणार, असे मी उत्तर दिले, आणि ते उत्तर मला आजही अगदीच चुकीचे वाटत नाही. आम्ही आठ दिवस भांडलो. निर्मातीही मीच असल्यामुळे अखेर माझा शब्द राहिला.

पहिल्या खेळाला वडील माझ्या शेजारी बसले होते. दोरा तुटला तेव्हा सभागृहात कोणी हलले नाही. मनोगत सुरू झाल्यावर मात्र खुर्च्या करकरू लागल्या, कोणीतरी खोकले, आणि पुढच्या रांगेत एकाच्या फोनचा उजेड पडला. नेमकी त्याच वेळी वडिलांची वाक्ये चालू होती. त्यांनी मान खाली घातली. स्वतःचे शब्द ओळखून की तो उजेड पाहून, हे मी त्यांना अजून विचारलेले नाही. ती वाक्ये खोटी नव्हती, पण प्रेक्षकाला जे आधीच उमगले होते तेच मी त्याला दीड मिनिट समजावत बसले होते.

त्यानंतर मी कॅमेऱ्याला दिसेल आणि माइकला ऐकू येईल तेवढेच लिहू लागले. "तो खचला आहे" हे चित्रित करता येत नाही. कोणी वाद घातला की मी रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांचा 1920 च्या आसपासचा प्रयोग सांगत असे: नटाचा एकच निर्विकार चेहरा सुपाची वाटी, शवपेटी आणि स्त्री यांच्या चित्रांना जोडला, आणि पाहणाऱ्यांना त्यात भूक, शोक आणि ओढ दिसली असे सांगितले जाते. तो प्रयोग संकलनाचा हे खरे, पण चित्रांचा क्रम आधी पटकथेतच सुचवावा लागतो. दोरा खिशात गेल्यावर मुलीचा चेहरा आला तर ते दुःख दोघांचे होते, आणि दाराशी ताटकळणाऱ्या माणसांचे पाय आले तर त्याला दुःख करायलाही वेळ उरलेला नाही, असे दिसते.

इथवर माझी बाजू भक्कम वाटते. पण पुढच्या एका लघुपटात मी एकही शब्द ठेवला नाही, आणि पडद्यावरच्या दोघी बहिणी की शेजारणी, हेच लोकांना कळले नाही. एका "ताई"ने काम भागले असते. चित्रीकरणाच्या दिवशी मला ते सुचवलेही होते, पण मी हट्टाने नकार दिला. तिथले मौन त्या बहिणींचे नव्हते, माझे होते. बरे, शब्दांऐवजी कृती लिहून दिल्या तर तेही साधत नाही. "तो दोरा तोडतो" असे वाचलेला नट आज्ञा पाळल्यासारखा दोरा तोडतो.

मग त्या दृश्यात मी काय लिहिले होते? मध्यंतरी जुनी पटकथा काढून पाहिली. मनोगताच्या वर एक ओळ सापडली: "सुईत दोरा तसाच ओवलेला आहे." जिला मी इतकी वर्षे बडबडी म्हणून मोडीत काढले, त्याच लेखिकेने ती ओळ लिहिली होती. शिवाय त्या नटाला दीड पान तोंडपाठ होते. तो दोरा त्याला दिसला तो कदाचित त्या शब्दांचे ओझे मनावर असल्यामुळेच. तसे असेल तर मनोगत लिहिणे ही चूक नव्हती, ते पडद्यावर ठेवणे ही होती. पण हेही मी खात्रीने म्हणू शकत नाही.

सध्याच्या पटकथेत एका आईला मी पुन्हा दीड पान दिले आहे. नटीला ते पाठ करायला सांगायचे, की चित्रीकरणाआधीच फाडून टाकायचे, हे अजून ठरलेले नाही.