शुक्रवारी कोण टाकणार? ओल मिसच्या हंगामाची रोजनिशी

१८ फेब्रुवारी २०२२, शुक्रवार

कॉलेज बेसबॉल आजपासून सुरू झाला. यंदा डोळा मिसिसिपी विद्यापीठाच्या संघावर आहे. त्याला सगळे ओल मिस म्हणतात. गाव ऑक्सफर्ड, मैदान स्वेझी फील्ड, आणि २००१ पासून प्रशिक्षक माइक बियान्को.

हंगामाचा सांगाडा आधी मांडून ठेवतो. नियमित हंगामात जास्तीत जास्त ५६ सामने. शनिवार-रविवारचे आठवडे चौदा, आणि दर आठवड्याला एकाच प्रतिस्पर्ध्याशी शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन सामने. त्यातले शेवटचे दहा आठवडे आपल्या परिषदेतल्या, म्हणजे विद्यापीठांच्या गटातल्या, संघांशी, एकूण ३० सामने. ओल मिसची परिषद एसईसी (साउथईस्टर्न कॉन्फरन्स), देशातली सगळ्यात तगडी. उरलेले सामने मंगळवारी-बुधवारी, जवळपासच्या कॉलेजांशी.

या रचनेमुळे सगळ्या हिशोबाचं मूळ पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, खांद्यात आणि कोपरात जाऊन बसतं. पहिला भरवशाचा पिचर शुक्रवारी टाकतो आणि पुन्हा पुढच्याच शुक्रवारी. मधल्या काळात मंगळवारी किंवा बुधवारी बुलपेनमध्ये, म्हणजे पिचरच्या सरावाच्या जागेत, पंचवीस-तीस चेंडू, तेही पूर्ण जोर न लावता. बाकीचे दिवस धावणं, रबरी पट्ट्यांचा व्यायाम आणि लांबून झेल-फेक. फलंदाज एकदा बिघडला तर दुसऱ्या दिवशी सुधारतो, पण पिचरची चूक सात दिवस तशीच राहते.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

थंडीत बॅटचा प्रश्न येतो. कॉलेजात लाकडी बॅट नसते, अ‍ॅल्युमिनियमची किंवा कंपोझिटची असते. २०११ पासून तिला बीबीकोर नावाची मर्यादा आहे: चेंडू आदळल्यावर बॅटने किती उसळी द्यावी याचं माप ०.५० च्या वर जाता कामा नये. लांबी इंचात आणि वजन औंसात मोजलं तर फरक तीनपेक्षा जास्त चालत नाही. ३३ इंचांची बॅट म्हणजे किमान ३० औंस. बॅरलचा, म्हणजे बॅटच्या जाड भागाचा, व्यास जास्तीत जास्त दोन पूर्णांक पाच अष्टमांश इंच.

कंपोझिट बॅट मारून मारून आतून सैल होते आणि जास्त उसळी द्यायला लागते. म्हणून मालिकेआधी यंत्रात बॅरल दाबून बघतात. ठरलेल्या दाबापेक्षा कमी जोरात ती दबली तर बॅट बाद. पास झालेल्या बॅटवर स्टिकर लागतो. थंडीत मात्र हीच बॅट तडकते, त्यामुळे फेब्रुवारीच्या सरावात जाणते फलंदाज अ‍ॅल्युमिनियमची जुनी बॅट घेतात आणि चांगली बॅट सामन्यासाठी राखून ठेवतात.

२०११ नंतर धावा इतक्या आटल्या की २०१५ मध्ये चेंडूच बदलावा लागला. शिवण ०.०४८ इंच उंच होती, ती ०.०३१ इंच केली. हवेचा अडथळा कमी झाला आणि तोच फटका काही फूट पुढे जायला लागला. पिचरला मात्र बोटांत पकडायला शिवण कमी मिळते, कर्व्हबॉल (हळू येऊन खाली वळणारा चेंडू) पूर्वीइतका वळत नाही. कॉलेजातले पिचर आज स्लायडरवर (वेगात येऊन शेवटी बाजूला सरकणाऱ्या चेंडूवर) इतके का विसंबतात याचं निम्मं उत्तर या चेंडूत आहे असं मला वाटतं.

१५ मार्च, मंगळवार

अमेरिकेत घड्याळं तासभर पुढे सरकली. ऑक्सफर्डला संध्याकाळी साडेसहाला सुरू होणारा सामना आता भारतात दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला लागतो. पुण्या-नागपुरात कुणाला बघायचा असेल तर शुक्रवारचा सामना शनिवारी पहाटे. वेळ तशी वाईट नाही.

मंगळवारचे सामने प्रेक्षक गांभीर्याने घेत नाहीत, पण निकाल तितकाच मोजला जातो. या दिवशी बहुतेक पहिल्या वर्षाचा पोरगा सुरुवात करतो, किंवा पाच-सहा जण सामन्याच्या नऊ इनिंगपैकी एकेक-दोनदोन वाटून घेतात. हेतू दोन: नवख्यांना गर्दीची सवय, आणि वीकेंडच्या पिचरना आराम. बिघडतं ते चौथ्या-पाचव्या इनिंगला. नवखा दोन वॉक देतो (चार चेंडू बाहेर टाकून फलंदाजाला फुकट पहिला बेस), कोच घाबरून शनिवारसाठी राखलेला रिलीव्हर, म्हणजे मधून येणारा पिचर, काढतो, तो ३५ चेंडू टाकून बसतो आणि शनिवारची सातवी इनिंग उघडी पडते. मंगळवारची जिंकलेली मॅच शनिवारी अशी वसूल होते.

ढोबळ हिशोब असा: इनिंगला पंधराच्या आसपास चेंडू ही चांगली चाल. एका इनिंगमध्ये पंचवीसच्या वर गेले की पिचरचा पाय ओढायला लागतो, हात उशिरा येतो आणि चेंडू उंच राहतो. एकूण शंभराजवळ स्टार्टर, म्हणजे पहिल्या चेंडूपासून टाकणारा पिचर, थांबतो. वीसेक चेंडू टाकलेला रिलीव्हर एक दिवस सोडून परत येऊ शकतो. चाळीस टाकलेला त्या वीकेंडला मिळत नाही.

२७ मार्च, रविवार

याच महिन्यात ओल मिस देशात पहिल्या क्रमांकावर होतं. टेनेसीने त्यांच्याच मैदानावर येऊन तिन्ही सामने घेतले: १२-१, १०-३, ४-३.

स्कोअरबुक उघडून बसलं की दोष लगेच दिसतो. फलंदाजी ठीक आहे. टिम एल्को कर्णधार आणि पहिल्या बेसवर, जेकब गोन्झालेझ शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक), हेडन डनहर्स्ट कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा). कुठल्याही प्रशिक्षकाला हेवा वाटावा असा गाभा. एल्कोच्या गुडघ्याचा लिगामेंट गेल्या वर्षी एप्रिलमध्ये फाटला होता, तरी तो ब्रेस लावून त्याच हंगामात परत मारायला उतरला होता. कमतरता आहे ती स्टार्टरची. समोरच्याची फळी दुसऱ्यांदा फिरून आली की आपले स्टार्टर मार खातात. पहिल्या फेरीत फलंदाज चेंडू ओळखतो, दुसऱ्या फेरीत त्यासाठी थांबतो. तिसरा विश्वासाचा चेंडू नसेल तर चौथ्या इनिंगनंतर पिचरकडे लपवायला काही उरत नाही.

२ मे, सोमवार

परिषदेत ७ विजय, १४ पराभव. एकूण २४-१९. बियान्कोंना काढा, असं लोक उघड बोलायला लागलेत.

मला आशा एकाच गोष्टीची वाटते. हंगामाच्या सुरुवातीला बुलपेनमधून, म्हणजे रिलीव्हर म्हणून, येणारे दोघे आता वीकेंडला पहिल्या चेंडूपासून टाकतात. डिलन डिलुशिया, ज्युनिअर कॉलेजातून आलेला उजवा, आणि हंटर एलियट, पहिल्या वर्षाचा डावखुरा. डिलुशिया स्ट्राइक (फलंदाजाच्या मारण्याच्या पट्ट्यातला चेंडू) टाकतो, यात सगळं आलं. पहिलाच चेंडू स्ट्राइक पडला की फलंदाजाला आपल्या मर्जीचा चेंडू निवडता येत नाही. मग स्लायडर बाहेरच्या कडेवरून निसटता टाकता येतो, वॉक होत नाहीत, इनिंग बारा-चौदा चेंडूंत संपते. स्टार्टर सातव्या इनिंगपर्यंत गेला की बुलपेनची आठवडाभराची घडी बसते, आणि त्याचा फायदा रविवारी दिसतो.

सामन्याआधीची त्यांची तयारी बघण्यासारखी असते. साधारण चाळीस मिनिटं आधी सुरुवात. आधी अंग गरम करायला धाव, मग रबरी पट्ट्या, मग झेल-फेक: तीस फुटांवरून सुरू, साठ, नव्वद, पुढे एकशेवीस किंवा त्याहून लांब, आणि परत जवळ. त्यानंतर बुलपेनच्या माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) तीसेक चेंडू. आधी दोन्ही कडांना फास्टबॉल, मग चेंजअप (मुद्दाम हळू टाकलेला चेंडू), मग स्लायडर, शेवटी समोर फलंदाज आहे असं धरून पूर्ण जोराने एक-दोन खेळ्या. पावसाने सुरुवात लांबली तर हे सगळं दोनदा करावं लागतं आणि सामन्याआधीच तीस-चाळीस चेंडू खर्ची पडतात. आकाश काळं असलं की म्हणूनच शहाणा पिचिंग कोच स्टार्टरला बसवून ठेवतो.

आणखी एक नोंद: कालच टेनेसीच्या बेन जॉइसचा एक चेंडू ताशी १०५.५ मैल मोजला गेला. जवळपास १७० किलोमीटर.

१५ मे, रविवार

मिसूरीविरुद्ध तिन्ही, आणि आता लुइझियाना स्टेटच्या घरी, बॅटन रूजमध्ये, तिन्ही!

बाहेर जिंकण्याचं मोल कॉलेज बेसबॉलमध्ये आकड्यात लिहिलेलं आहे. निवड समिती आरपीआय नावाचा निर्देशांक बघते. त्यात २५ टक्के वाटा स्वतःच्या विजयांच्या प्रमाणाचा, ५० टक्के प्रतिस्पर्ध्यांच्या, २५ टक्के त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या. स्वतःचं प्रमाण काढताना घरचा विजय ०.७ धरतात, बाहेरचा १.३. पराभवाला उलटं: घरी हरलात तर १.३, बाहेर ०.७. म्हणजे बॅटन रूजचे तीन विजय ३.९ झाले. तेच घरी मिळाले असते तर २.१. आणि मंगळवारी घरच्या मैदानावर दुबळ्या संघाकडून हरलं तर दोन्हीकडून मार: १.३ चा पराभव आणि दुबळा प्रतिस्पर्धी. दक्षिणेतल्या संघांना मार्चभर घरीच खेळायला मिळतं, उत्तरेतले बर्फामुळे बसने फिरत राहतात. हा भार त्यांच्यासाठीच घातलेला आहे, आणि तो रास्त आहे.

३० मे, सोमवार

परिषदेत १४-१६. परिषदेच्या स्पर्धेत पहिल्याच सामन्यात व्हँडरबिल्टकडून ३-१ ने बाहेर. एकूण ३२-२२. आज राष्ट्रीय स्पर्धेच्या ६४ संघांची यादी लागली आणि ओल मिस त्यात आहे, अगदी शेवटच्या जागेवर.

इथून पुढे सोळा ठिकाणी चार-चार संघ, दोनदा हरला की बाहेर. सोळा विजेत्यांच्या आठ जोड्या, तीनपैकी दोन जिंकायचे. उरलेले आठ ओमाहाला, शेवटच्या टप्प्यासाठी. पहिल्या टप्प्यात पहिला सामना हरलेल्या संघाला पुढे यायचं तर चार दिवसांत पाच सामने खेळावे लागतात. तीन स्टार्टर आणि पाच सामने, हे गणित क्वचितच जुळतं. सलग तीन जिंकणं हाच खरा रस्ता.

१२ जून, रविवार

पहिल्या टप्प्यात कोरल गेबल्सला सलग तीन विजय: अ‍ॅरिझोना ७-४, मायामी २-१, पुन्हा अ‍ॅरिझोना २२-६, त्यात एल्कोचे तीन होमरन (कुंपणापार मारलेले फटके). आणि दुसऱ्या टप्प्यात काल-आज हॅटिसबर्गमध्ये सदर्न मिसविरुद्ध १०-० आणि ५-०. दोन सामने, अठरा इनिंग, समोरच्याची एकही धाव नाही. टेनेसी, स्पर्धेतला अव्वल संघ, नोत्र दामकडून घरी हरून संपला.

२३ जून, गुरुवार, ओमाहा

डिलुशियाने शनिवारी ऑबर्नविरुद्ध जवळपास आठ इनिंग टाकल्या होत्या. आज, मध्ये चारच दिवस विश्रांती घेऊन, आर्कन्सॉविरुद्ध सगळ्या नऊ. चार हिट, सात स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद), वॉक शून्य. २-०. आर्कन्सॉच्या कॉनर नोलंडनेही आठ इनिंग टाकल्या, तोही हरण्यासारखा खेळला नाही.

हा निर्णय धोक्याचाच होता. पण आज त्याने नऊ इनिंग टाकल्यामुळे अंतिम मालिकेआधी पूर्ण बुलपेन ताजं राहिलं, आणि ही गोष्ट त्या दोन धावांपेक्षा मोठी आहे. सामना बघताना त्याच्या पुढच्या पायाकडे लक्ष होतं: आठव्या इनिंगलाही तो पाय माउंडवर त्याच खड्ड्यात पडत होता. पिचर थकला की पाऊल आखूड होतं आणि जुन्या खुणेच्या अलीकडे पडतं. स्पीडगनच्या आधी हे कळतं.

२६ जून, रविवार

काल १०-३, आज ४-२. ओक्लाहोमाला दोन सरळ सामन्यांत हरवून ओल मिस राष्ट्रीय विजेता. ४२-२३.

काल हंगामात नेहमी स्टार्टर नसलेल्या जॅक डोहर्टीने पहिल्या पाच इनिंगमध्ये एकालाही बेसवर येऊ दिलं नाही, आणि आठव्या इनिंगला मॅकँट्स, हॅरिस, बेंच यांचे पाठोपाठ तीन होमरन.

आजचा सामना मात्र केड हॉर्टनचा होता. ओक्लाहोमाच्या या पोराने १३ स्ट्राइकआउट घेतले, अंतिम फेरीतला विक्रम. एलियटने त्याला सातव्या इनिंगपर्यंत तोडीस तोड दिली. आठव्या इनिंगला ओल मिस २-१ ने मागे. हॉर्टन निघाला, गोन्झालेझच्या हिटने बरोबरी झाली, आणि पुढच्या दोन धावा वाइल्ड पिचवर (कॅचरला अडवता न आलेल्या भरकटलेल्या चेंडूंवर) आल्या.

वाइल्ड पिचला नशीब म्हणणं मला पटत नाही. तिसऱ्या बेसवर धावपटू असताना स्लायडर जमिनीत टाकायचा तर कॅचरला तो अंगाने अडवावा लागतो: दोन्ही गुडघे आधी खाली, ग्लोव्ह मांड्यांमध्ये जमिनीला टेकलेला, हनुवटी छातीला, खांदे पुढे झुकवलेले, म्हणजे चेंडू छातीवर आदळून समोरच पडतो. कॅचरने अडवण्याऐवजी झेलायचा प्रयत्न केला किंवा चेंडू अर्धा फूट जास्त बाजूला गेला तर धाव गेलीच. आणि हा धोका टाळायला पिचरने स्लायडर वर ठेवला तर तो मारला जातो. त्या क्षणी पिचरकडे चांगला पर्याय उरत नाही. तशी वेळ आणली ती त्याआधी बेसवर पोचलेल्या फलंदाजांनी. नवव्या इनिंगला ब्रँडन जॉन्सनने तिघांनाही स्ट्राइकआउट केलं.

२१ मे २०२३, रविवार

गतविजेत्यांचा हंगाम संपला: २५-२९, परिषदेत ६-२४. एल्को आणि डिलुशिया व्यावसायिक संघांत गेले. एलियटचं कोपर हंगामाच्या सुरुवातीलाच दुखावलं आणि लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली. शुक्रवारचा माणूसच नसला की काय होतं ते स्कोअरबुकमध्ये पानोपानी आहे: स्टार्टर चौथ्या इनिंगला बाहेर, रिलीव्हर शुक्रवारीच संपलेले, रविवारी मोठ्या फरकाने हार.

या शस्त्रक्रियेनंतर चार-पाच महिने चेंडू हातात घ्यायचा नसतो. मग पंचेचाळीस फुटांवरून हलकी फेक, एक दिवस आड. दुखलं नाही तर साठ, नव्वद, एकशेवीस. माउंडवर चढायला नऊ महिने तरी लागतात, तेही आधी फक्त फास्टबॉल. स्लायडर सगळ्यात शेवटी. सामन्यात परत यायला बारा ते अठरा महिने. २०२४ चा फेब्रुवारी त्याच्या हिशोबात धरू नये.