पीडीएफमध्ये नाव बरोबर, तरी निबंध दुसऱ्याच्या खात्यात

मी स्नायूंच्या ईएमजीवर, म्हणजे स्नायूंमधल्या विद्युत सिग्नलच्या मोजणीवर, काम करते, मुख्यतः खेळाडूंच्या. बढतीच्या अर्जासाठी प्रकाशनांची यादी हवी होती. दोन तासांत होईल असं धरून बसले आणि त्यात साडेतीन महिने गेले.

ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, काढला, डीओआय (प्रत्येक निबंधाचा कायमचा ओळख क्रमांक) टाकून निबंध जोडले, अर्ध्या तासात झालं. सोळा खुणांच्या त्या क्रमांकाच्या शेवटी एक्स आला तर चूक समजू नका, ते तपासणीचं चिन्ह असतं.

अडलं ते समितीला हव्या असलेल्या उद्धरण-कोशात, म्हणजे कुणाचा निबंध कुणी किती वेळा उद्धृत केला याची नोंद ठेवणाऱ्या कोशात. माझा पहिलाच निबंध तिथे माझ्या नावावर नव्हता. तो मिश्रधातूंवर लिहिणाऱ्या कुणा संशोधकाच्या यादीत जाऊन बसला होता आणि त्याच सहलेखकांबरोबरचे माझे आणखी दोन निबंधही त्याच्यामागे तिकडे गेले होते.

हा निबंध माझ्यासाठी साधा नव्हता. स्क्वॉट करताना मांडीच्या आतल्या आणि बाहेरच्या स्नायूंची सक्रियता आम्ही मोजली होती. प्रत्येक खेळाडूच्या मांडीवरचे केस मी स्वतः काढले, त्वचा स्पिरिटने पुसली, सेनियाम या ईएमजीच्या युरोपीय प्रकल्पाच्या शिफारशीप्रमाणे दोन सेंटिमीटर अंतराने इलेक्ट्रोड लावले. वायर हलली की सिग्नलमध्ये लाटा येतात, म्हणून प्रत्येक वायर टेपने बसवली. एका खेळाडूचा टेप घामाने सुटला तर त्याचा अख्खा संच पुन्हा घेतला. आणि आता ते काम दुसऱ्याच्या नावावर!

कोशाच्या मदत कक्षाला लिहिलं. उत्तर आलं: आमच्या नोंदीनुसार लेखकाचं नाव वेगळं आहे. मी पीडीएफ पाठवली, पहिल्या पानावर माझं नाव ठळक. दहा दिवसांनी तेच उत्तर, शब्दही तेच. पुन्हा लिहिलं तर नवा तक्रार क्रमांक आणि नवी व्यक्ती, सगळं पहिल्यापासून सांगा. पाच मेल, तीन तक्रार क्रमांक. अर्जाची तारीख जवळ येत होती आणि रात्री झोपताना मनात हेच चालायचं. माझंच नाव मी सिद्ध करायचं, आणि समोर ऐकायला कुणी नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी क्रॉसरेफच्या, म्हणजे प्रकाशक जिथे डीओआय आणि निबंधांची माहिती नोंदवतात त्या संस्थेच्या, खुल्या नोंदीत त्या निबंधाचा डीओआय टाकून बघितला. तिथे कारण सापडलं. आडनावाच्या रकान्यात माझं पहिलं नाव होतं आणि पहिल्या नावाच्या रकान्यात आडनाव. प्रकाशकाने नोंद भरतानाच अदलाबदल केली होती. पीडीएफ माणसं वाचतात. हे कोश रकाने वाचतात. म्हणजे इतके दिवस मी चुकीच्या दारावर धडका देत होते.

प्रकाशकाच्या निर्मिती विभागाला चार ओळींचा मेल केला: डीओआय, चुकीचा रकाना, बरोबर रूप, क्रॉसरेफची नोंद दुरुस्त करून पुन्हा भरावी ही विनंती. नऊ दिवसांत दुरुस्ती झाली. मग ती दुरुस्त नोंद जोडून कोशाकडे एकच अर्ज केला, तिन्ही डीओआय एकत्र. तीन वेगळे अर्ज केलेत तर तीन वेगळी माणसं बघतात, हे मी शिकले होते. तरी तीन आठवडे लागलेच.

आधी सांगायला हवं होतं: परिषदेतला सारांश आणि त्यावरचा पूर्ण निबंध या दोन नोंदी असतात. माझ्या एका सारांशाची गणना पूर्ण निबंध म्हणून झाली होती, ती मी स्वतः कळवून काढायला लावली. समितीला नंतर सापडण्यापेक्षा ते बरं. आणि छापण्याआधी तपासायला प्रूफ आलं की मजकुराआधी ऑनलाइन फॉर्ममधले नावाचे रकाने उघडून बघा. नावाचं रूप सगळीकडे एकच ठेवा. कधी पूर्ण, कधी आद्याक्षरं असं करू नका.

तिन्ही निबंध परत आले त्या सकाळी माझा एच-निर्देशांक, म्हणजे निबंध आणि त्यांची उद्धरणं यांवरून काढलेला आकडा, नऊचा अकरा झाला. पण मी आधी उघडला तो पहिला निबंध. मांडीच्या स्नायूंचा तो आलेख, आणि वर लेखक म्हणून मी. त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून सहलेखकांना पाठवला आणि मगच अर्ज भरायला बसले.