मेंतावाई नोंदवही: आकडे, घशातली अडण आणि नद्यांची खोरी

सध्या मी मेंतावाईच्या (इंडोनेशियात सुमात्राच्या पश्चिमेला असलेल्या मेंतावाई बेटांवरची भाषा) आकड्यांवर मुक्काम ठोकलाय आणि इतक्यात हलायचा विचार नाही. सारा, दुआ, तेलू, एपात, लिमा, एनेम, पितू, बालू, सिबा, पुलू. शेजारच्या नियास बेटाचे आकडे बाजूला लिहून काढले आणि उजेडच पडला. तिथे आठ 'वालू', नऊ 'सिवा'. म्हणजे नियासच्या 'व'च्या जागी मेंतावाईत 'ब'. उलट मेंतावाईचे पितू, पुलू तिकडे फितू, फुलू होतात. नियासचे शब्द स्वरावरच संपतात, त्यामुळे चारमधला शेवटचा 'त' तिथे गळून गेला. मेंतावाईने तो जपला. मलयमध्ये आठ-नऊला देलापान, सेंबिलान असे निराळेच शब्द आहेत, पण समुद्रापार मादागास्करात पुन्हा वालू, सिवी! मला याचं अप्रूप अजून सरत नाही.

कानाची तयारीही चालू आहे. बोक्कोई (माकडाची एक जात), साकुद्देई (कुळाचं नाव) यांतली द्वित्तं आपल्याला सोपी जातात. कला आणि कल्ला यांतला फरक आपण बोलताना पाळतोच. खरी मेहनत शब्दाअखेरच्या 'क'वर. 'सैनाक' म्हणजे डुक्कर, पण हा 'क' फुटत नाही, घशातच अडतो. म्हणून कुणी सैनाक लिहितं, कुणी सैना'. अवग्रह घातला तर आपण स्वर लांबवतो, म्हणून वहीत मी वरचा स्वल्पविरामच ठेवलाय.

बोलींचं म्हणाल तर सगळी गंमत मेंतावाईतल्या उत्तरेकडच्या सिबेरुत बेटावर आहे. सिमातालू, सिमालेगी, रेरेइकेत... खोरं बदललं की बोली बदलते. खाली सिपोरा आणि दोन्ही पागाई बेटांवर मात्र बोलणं बरंचसं एकसारखं. लोक सिबेरुतवरून दक्षिणेकडे सरकत गेले, असं परंपरा सांगते. ते धरलं तर हे चित्र चपखल बसतं: वस्ती जिथे सर्वांत जुनी, तिथेच बोलींना फाटे फुटायला वेळ मिळाला. जर्मन मिशनचं काम १९०१ साली सुरू झालं ते मात्र उत्तर पागाईत. तेव्हा छापील मजकूर हाती आला की तो कुठल्या बेटाचा आहे ते आधी बघा, मगच शब्द यादीत घ्या.

पुढचा टप्पा म्हणून एकटं रेरेइकेत खोरं धरतोय. मादोबाग किंवा मातोतोनानकडचं ध्वनिमुद्रण कुणाकडे असेल तर जरूर कळवा. गाणी नकोत, साध्या गप्पा हव्यात. गाण्यात सूर लांबतो आणि शब्दाअखेरची ती अडण नीट ऐकू येत नाही.