यॉर्कटाऊनचे खंदक

कॉर्नवॉलिसशी माझी पहिली गाठ भायखळ्याला पडली. मुंबईच्या चौकांतून हलवलेले इंग्रजांचे पुतळे तिथल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात ठेवले आहेत, त्यांत तोही आहे. शाळेत इतिहास शिकवताना त्याच्या नावावर दोन गोष्टी मुलांकडून पाठ करून घ्यायचे: १७९३ची कायमधारा पद्धत आणि टिपूविरुद्धची इंग्रज-पेशवे-निजाम युती. हाच इंग्रज गव्हर्नर जनरल हिंदुस्थानात येण्याच्या पाच वर्षं आधी, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, तिथल्या एका लहानशा गावात आपलं अख्खं सैन्य शत्रूच्या हवाली करून बसला होता, ही गोष्ट मात्र जाता जाता सांगून मी पुढे जायचे. ते गाव, व्हर्जिनियातलं यॉर्कटाऊन, या ऑक्टोबरात पाहून आले आणि इतकी वर्षं घाईने पुढे गेल्याची रुखरुख लागली.

मुलगी रिचमंडजवळ राहते. ती, जावई, नऊ वर्षांची नात आणि मी सकाळी निघालो. विल्यम्सबर्गला मोठा हमरस्ता सोडून कलोनियल पार्कवे धरला. जेम्सटाऊन, विल्यम्सबर्ग आणि यॉर्कटाऊन ही तीन गावं जोडणारा हा तेवीस मैलांचा रस्ता आहे. त्यावर पांढरे-पिवळे पट्टे नाहीत, ट्रक नाहीत. दोन्ही बाजूंनी झाडी आणि मधूनच विटांच्या कमानीचे पूल. शेवटच्या टप्प्यात डाव्या हाताला यॉर्क नदी दिसू लागते. नदी म्हणायची, पण पाणी भरती-ओहोटीचं. मला दाभोळच्या खाडीची आठवण झाली. गावासमोर हे पात्र आकसतं आणि पलीकडे ग्लॉस्टर पॉइंटचा किनारा हाकेच्या अंतरावर असल्यासारखा वाटतो.

ही जागा डोळ्यांनी पाहिली आणि अर्धं युद्ध तिथेच समजलं. कॉर्नवॉलिसला बंदर हवं होतं. पाणी खोल, मागे चेसापीकचा उपसागर, त्यापुढे समुद्र, आणि समुद्र म्हणजे ब्रिटिश आरमाराचं अंगण. हे दार उघडं राहील या भरवशावर त्याने १७८१च्या उन्हाळ्यात इथे तळ ठोकला. शिवाजी महाराज आणि संभाजी महाराज या दोघांनी जिवाचं रान करूनही जंजिरा पडला नाही, कारण सिद्दीच्या पाठीशी समुद्र मोकळा होता. यॉर्कटाऊनला नेमकं तेच दार बंद झालं. ५ सप्टेंबर १७८१ रोजी उपसागराच्या तोंडाशी अमेरिकनांच्या बाजूने लढणाऱ्या फ्रेंच आरमाराचा द ग्रास आणि ब्रिटिशांचा ग्रेव्हज यांची गाठ पडली. काही तासांच्या तोफबाजीनंतर आणि पुढच्या काही दिवसांच्या घिरट्यांनंतर ग्रेव्हज न्यूयॉर्कला परत फिरला. या लढाईत एकही अमेरिकन जहाज नव्हतं. तरी अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी याहून महत्त्वाची लढाई मला दुसरी दिसत नाही.

तोवर युद्धाला सहा वर्षं झाली होती. स्टॅम्पचा कर, चहाचा कर, बोस्टनच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीच्या चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात, १९ एप्रिल १७७५ला लेक्झिंग्टनची गोळी, पुढच्या वर्षी जुलैत स्वातंत्र्याचा जाहीरनामा. हे सगळ्यांना ठाऊक असतं. जाहीरनाम्यानंतर पाच वर्षांनी सैन्याची काय दशा होती, ते कमी सांगितलं जातं. कित्येकांना महिनोन्‌महिने पगार नव्हता. न्यूयॉर्कहून व्हर्जिनियाकडे कूच करताना सैनिक कुरकुरू लागले, तेव्हा फ्रेंच सेनापती रोशाम्बोकडून उसने घेऊन त्यांच्या हातावर रोख नाणी ठेवावी लागली. अमेरिकन सरसेनापती वॉशिंग्टनला खरं तर न्यूयॉर्कच घ्यायचं होतं. दक्षिणेकडे चला, हा आग्रह रोशाम्बोचा, आणि द ग्रासचं आरमार चेसापीकला येतंय हे पत्र ऑगस्टच्या मध्याला हाती पडल्यावर वॉशिंग्टनने आपला हट्ट सोडला. न्यूयॉर्कवरच हल्ला होणार असं शत्रूला वाटावं म्हणून न्यू जर्सीत भाकऱ्या भाजायच्या भट्ट्यासुद्धा उभारल्या. आणि सैन्य भलत्याच दिशेला चालू लागलं.

रणभूमी आता राष्ट्रीय उद्यानाच्या ताब्यात आहे. गाडीने फिरण्यासाठी दोन वाटा आखल्या आहेत, एक लढाईच्या मैदानाची आणि एक छावण्यांची. आधी आम्ही रुंद कडांची टोपी घातलेल्या रेंजरबाईंबरोबर पायी फिरलो. गावाभोवती उंच मातीच्या भिंती दिसतात. मी त्यांनाच कॉर्नवॉलिसची तटबंदी समजून फोटो काढत होते. त्यांनी सांगितलं, यातली बरीचशी माती १८६२ची, यादवी युद्धातली. वेढा घालणाऱ्यांचे खंदक तर वॉशिंग्टनने विजयानंतर लगेच बुजवून टाकले होते. आज दिसतात ते पुन्हा उभारलेले. कोणत्या जागी खरं काय आणि नंतरचं काय, हे त्या न विचारता सांगत होत्या. फार बरं वाटलं. गावातल्या नेल्सन यांच्या घराच्या भिंतीत रुतलेले तोफगोळेही नंतर बसवलेले आहेत, हेही त्यांच्याकडूनच कळलं. हा थॉमस नेल्सन जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक आणि त्या वेळी व्हर्जिनियाचा गव्हर्नर.

मग त्यांनी खंदक कसा खणतात ते दाखवलं आणि माझी नात तिथून हलेना. ६ ऑक्टोबरची रात्र, पाऊस, वाळूमिश्रित जमीन. शत्रूच्या मोर्चांपासून सुमारे ८०० यार्डांवर माणसं ओळीने उभी राहिली, हातात कुदळी-फावडी. डहाळ्यांच्या विणलेल्या, बुडाला मोकळ्या अशा टोपल्या पुढे मांडायच्या, खणलेली माती त्यात ओतायची, काटक्यांच्या मोळ्यांनी भराव घट्ट करायचा. तोंडातून शब्द काढायचा नाही. उजाडलं तेव्हा ब्रिटिशांसमोर दोन हजार यार्ड लांबीचा खंदक तयार होता. ९ तारखेला तोफा सुरू झाल्या आणि ११च्या रात्री त्याहून निम्म्या अंतरावर दुसरा खंदक सुरू झाला. आपल्याकडे लढाई म्हटली की डोळ्यांसमोर तलवार येते. इथे निकाल लावला फावड्याने, आणि ते शास्त्र फ्रेंच इंजिनिअरांना मुखोद्गत होतं.

दुसरा खंदक नदीपर्यंत न्यायचा तर वाटेत ब्रिटिशांचे दोन मोर्चे, म्हणजे मातीच्या छोट्या गढ्या, होते, नऊ आणि दहा नंबरचे. १४ तारखेच्या रात्री प्रत्येकी ४०० माणसं निघाली. नऊवर फ्रेंच, दहावर अलेक्झांडर हॅमिल्टनच्या हाताखाली अमेरिकन. बंदुका रिकाम्या, फक्त संगिनी, म्हणजे चुकून एखादी गोळी उडून हल्ल्याचा गाजावाजा व्हायला नको. दहा नंबरचा मोर्चा दहा मिनिटांत पडला. आता त्याचा मोठा भाग नदीने खाऊन टाकला आहे. काठावर उभं राहिलं की खाली पाणी चुबकचुबक आवाज करत असतं.

१६च्या रात्री कॉर्नवॉलिसने होड्यांतून ग्लॉस्टरला निसटायचा प्रयत्न केला. वादळ आलं, होड्या विखुरल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तटावर एक ढोलवाला चढला आणि मागोमाग पांढरा रुमाल हलवत एक अधिकारी. तारीख १७ ऑक्टोबर. चार वर्षांपूर्वी याच तारखेला साराटोगाला दुसऱ्या एका ब्रिटिश सैन्याने शस्त्रं ठेवली होती.

तहाची कलमं ठरली ते मूर यांचं घर गावाबाहेर आहे. पांढरं, लाकडी, साधं. अमेरिकनांतर्फे बोलायला होता जॉन लॉरेन्स. वर्षभरापूर्वी चार्ल्सटन पडलं तेव्हा हाच लॉरेन्स ब्रिटिशांचा कैदी झाला होता, आणि हरलेल्या सैन्याला निशाण फडकवत बाहेर पडण्याचा मानही तेव्हा नाकारला गेला होता. इथे त्याने तीच अट ब्रिटिशांच्या गळ्यात घातली: निशाणं गुंडाळून या. त्याच वेळी त्याचे वडील हेन्‍री लॉरेन्स लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होते, आणि त्या टॉवरचा नाममात्र प्रमुख होता खुद्द कॉर्नवॉलिस! पुढे या दोघांची एकमेकांच्या बदल्यात सुटका झाली.

१९ तारखेला सात हजारांहून जास्त सैन्य शरण आलं. कॉर्नवॉलिस आजाराचं कारण देऊन आलाच नाही, ओ'हारा नावाच्या दुय्यम अधिकाऱ्याला पाठवलं. न्यूयॉर्कहून मदतीचं आरमार त्याच दिवशी निघालं. ते पोचलं २४ला.

शरणागतीच्या मैदानाशी सावलीत बसून आम्ही डबा खाल्ला. वडगावला १७७९च्या जानेवारीत महादजींनी मुंबईकर इंग्रजांना कोंडून तह लिहून घेतला होता, ते जावयाला सांगत होते. तो तह कलकत्त्याने आणि मुंबईने झिडकारला आणि युद्ध १७८२च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललं. यॉर्कटाऊनचा निकाल मात्र लंडनला झिडकारता आला नाही. १७८२च्या मार्चमध्ये पंतप्रधान नॉर्थचं मंत्रिमंडळ गेलं आणि ३ सप्टेंबर १७८३ला पॅरिसमध्ये तेरा वसाहतींचं स्वातंत्र्य मान्य झालं.

पण त्या दिवशीची एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. स्वातंत्र्य मिळेल या आशेने हजारो गुलाम पळून ब्रिटिशांकडे आले होते. ब्रिटिशांचे इथले खंदक आधी त्यांनीच खणले. छावणीत देवीची साथ पसरली, दाणागोटा संपत आला, तेव्हा कॉर्नवॉलिसने त्यांना बाहेर हाकललं. ब्रिटिशांकडून लढणाऱ्या योहान एवाल्ड या जर्मन अधिकाऱ्याने याची लाज वाटून रोजनिशीत लिहून ठेवलं आहे. कित्येक जण रानात आणि रस्त्याकडेला मेले. जे जगले त्यांच्यासाठी तहात चौथं कलम होतं: इथल्या रहिवाशांची मालमत्ता ज्याची त्याला परत. जेम्स नावाच्या गुलामाने तर अमेरिकन सैन्यातल्या लाफायेत या फ्रेंच सेनानीसाठी ब्रिटिशांच्या छावणीत राहून हेरगिरी केली. सैनिक नव्हता म्हणून त्याला सैनिक झालेल्या गुलामांच्या सुटकेचा कायदा लागू झाला नाही. अर्ज करून, लाफायेतची शिफारस जोडून, १७८७मध्ये तो मोकळा झाला.

वॉशिंग्टनच्या स्वतःच्या माउंट व्हर्ननहूनही त्या वर्षी सतरा जण ब्रिटिश जहाजावर पळाले होते. त्यांतल्या ल्यूसी आणि एस्थर या दोन तरुणी वेढा उठल्यावर इथेच सापडल्या. ल्यूसी वीस वर्षांची, एस्थर अठराची.

"मग त्यांना घरी सोडलं का आजी?" नातीने विचारलं.

"परत नेलं," मी म्हटलं. "माउंट व्हर्ननला."

ती बराच वेळ गप्प होती. परतताना पार्कवेवर नदी पुन्हा दिसली, तेव्हा तिने गाडीची काच खाली केली आणि ते जहाज कुठून आलं असेल, असं विचारलं. माउंट व्हर्नन या नदीवर नाही, वर उत्तरेला पोटोमॅकवर आहे, असं तिला सांगितलं. घरी पोचल्यावर तिने नकाशा काढायला लावला.